‘आईवर गेली’ हे निदान नव्हे

अकोल्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, नीटचा क्लास लावलेला, सराव चाचणीत 720 पैकी 410. ते लिहितात: "माझे वडील डॉक्टर, थोरले भाऊ डॉक्टर. डॉक्टरकी आमच्या रक्तातच आहे. माझी सीट थोडक्यात हुकली, म्हणून कृषी सेवा केंद्र टाकलं. हिने मात्र सगळं आईकडचं उचललं, आमच्याकडचे जीन्स प्रबळ ठरले नाहीत. शरीररचनेत मार्क जातात आणि ही विचारत बसते, आईबापांचा रक्तगट ओ असून मूल ए कसं? पाठांतर वाढवायला काय करावं?"

नमस्कार.

मार्कांचं नंतर बोलू. ‘आईकडचं उचललं’ हे तुम्ही फक्त मला लिहिलेलं नसणार. जेवताना, मुलीसमोर, तिच्या आईसमोर बोलून झालं असेल. मुलीला त्यातून एवढंच कळतं की आपण कमी आणि आपली आईही कमी. अशा घरात हाडांची नावं डोक्यात राहत नसतील, तर मी तिच्या स्मरणशक्तीला दोष देणार नाही. आणि तुमची सीट हुकली तेव्हा तुम्ही कुणाच्या रक्ताला बोल लावला होतात?

तुमचा जीन्सचा हिशेबही चुकीचा आहे. मुलाला 23 गुणसूत्रं (जनुकं म्हणजेच जीन्स वाहून नेणारे पेशीतले धागे) आईकडून मिळतात, 23 वडिलांकडून, आणि दर पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात. संकरित वाणाचं बी राखून पुढच्या हंगामात पेरलं तर शेत एकसारखं येत नाही, हे तुम्ही दुकानात शेतकऱ्यांना सांगतच असाल. कारण हेच. शिवाय ‘प्रभावी’ जनुक म्हणजे बलवान किंवा चांगलं जनुक नव्हे. जोडीतल्या दोघांपैकी कुणाचा परिणाम दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. ओ रक्तगट अप्रभावी, तरी आपल्याकडे घरोघरी सापडतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाण्याच्या सात गुणांवर काम केलं. फूल जांभळं की पांढरं, बी गोल की सुरकुतलेलं, असे ते गुण. डॉक्टर होणं हा तसला गुण नाही, त्याचं एखादं जनुक नाही. अभ्यासाची गती, चिकाटी यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि घरातल्या वातावरणाचाही असतो. यातलं वातावरण तुमच्या हातात आहे.

आता ज्या प्रश्नावर तुम्ही चिडलात, त्याकडे वळतो. सगळ्या पत्रात मला तोच सर्वांत मोलाचा वाटला. एरवी ओ गटाच्या आईबापांचं मूल ओच असतं, मग ए कुठून येतो? त्याचं एक उत्तर मुंबईत सापडलं. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगटा’ची नोंद केली. लाल पेशीवर ए किंवा बी तयार व्हायला आधी एच नावाचा पाया लागतो. ज्यांच्यात तो पायाच नसतो, त्यांच्याकडे ए चं जनुक असलं तरी नेहमीच्या तपासणीत रक्तगट ओ दिसतो. जोडीदाराकडून एच मिळाला की मुलात ए उघड होतो. अशा रिपोर्टवरून एखाद्या बाईवर विनाकारण संशय येऊ शकतो. अशा व्यक्तीला साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. तुमची मुलगी अभ्यासक्रमाबाहेर भटकत नाहीये, ती आनुवंशिकी मनापासून शिकतेय.

शरीररचनाही तिला अशीच शिकू द्या. कोपर टेकवून तळहात पालथा-उताणा करायला सांगा. कोपरापुढच्या दोन हाडांपैकी रेडियस हे अल्नावरून आडवं जाताना तिला स्वतःच्या हातात जाणवेल, मग ती नावं वेगळी पाठ करावी लागणार नाहीत.

नीटमध्ये निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचे असतात, तेव्हा तिला डॉक्टर व्हायचं असेल तर दार बंद झालेलं नाही. पण ‘तिला व्हायचं आहे’ असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. तिचा ओढा रक्तगटांकडे असेल, तर आयसरची, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांची, प्रवेश परीक्षा द्यावी. त्यात गणितही असतं, हे आधीच सांगतो. लाइफ सायन्सेसमध्ये बी.एस्सी. करून पुढे जनुकीय समुपदेशनाकडेही जाता येतं, देशात त्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (सदोष जनुक एकच असल्याने स्वतः आजारी नसलेले) किती आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे त्यांना नीट, न घाबरवता समजावणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत.

पाठांतराचा उपाय मी देणार नाही. पुढचं पत्र मुलीला लिहू द्या, ते आधी वाचायला मागू नका. आणि तिच्या आईशी आजच बोला, मुलीसमोर.