या रकान्याला जबाबदार कोण?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. विश्लेषणाचं काम मिळेल म्हणून रुजू झालीस आणि हातात पुरवठादारांच्या याद्या पडल्या, याची नाराजी ओळीओळीत दिसते. शेवटी विचारलं आहेस, “एकदा याद्या साफ केल्या की काम संपलंच ना?” उत्तर जरा लांबीचं आहे, कारण हे काम किती मोलाचं आहे ते तुला आत्ताच कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या टेबलावरच सापडेल अशा गोष्टीपासून सुरुवात करू. एकाच पुरवठादाराची दोन खाती आहेत. एकात नावापुढे ‘अँड कंपनी’ आहे, दुसऱ्यात ‘अँड को.’ त्याचं एकच बिल दोन वाटांनी येतं, आधी ईमेलने आणि मग कागदावर, आणि दोन जण ते दोन वेगवेगळ्या खात्यांवर चढवतात. दुबार बिल पकडताना सिस्टीम साधारणपणे पुरवठादाराचा कोड, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम जुळवून पाहते. इथे कोडच दोन, म्हणून तिच्या लेखी ही दोन वेगळी बिलं, आणि पैसे दोनदा जातात. कुणी लबाडी केलेली नसते. तपासणीही चालू असते. ती ज्या नोंदीच्या भरवशावर उभी आहे, ती नोंदच चुकीची असते.

ग्राहकांकडेही हेच. एका ग्राहकाचे दोन कोड असले की प्रत्येकाला स्वतंत्र क्रेडिट लिमिट मिळतं, आणि ठरवलेल्या मर्यादेच्या दुप्पट उधारी कुणाच्याही लक्षात न येता बाहेर जाते. खरेदी विभाग वर्षाच्या उलाढालीवर सवलत मागायला जातो तेव्हा आकडा दोन खात्यांत फुटलेला असतो, त्यामुळे तो कमी मागतो. व्यवहारातली चूक त्या व्यवहारापुरती राहते. मास्टरमधली, म्हणजे सगळे व्यवहार ज्यावरून चालतात त्या मूळ यादीतली, चूक मात्र तिच्यावर बेतलेल्या प्रत्येक व्यवहारात उतरत जाते.

याचं मोठं रूप जगाने 2008 मध्ये पाहिलं. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा “आपले या समूहात एकूण किती पैसे अडकलेत?” या प्रश्नाचं उत्तर अनेक वित्तसंस्थांना चटकन देता येईना. समूहातल्या कंपन्या वेगवेगळ्या सिस्टीममध्ये वेगवेगळ्या नावांनी आणि कोडांनी नोंदलेल्या होत्या. त्या धक्क्यानंतर कायदेशीर संस्थांसाठी 20 अक्षर-अंकांचा एकच जागतिक ओळख क्रमांक ठरला, एलईआय. त्याचं आयएसओ 17442 हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 मध्ये आलं. ‘हा नेमका कोण?’ इतक्या साध्या प्रश्नासाठी सरकारांना एकत्र बसावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं उदाहरण दुकानांचं. टार्गेट ही अमेरिकी कंपनी 2013 मध्ये कॅनडात उतरली आणि 2015 च्या जानेवारीत तिने तिथली सगळी 133 दुकानं बंद करण्याची घोषणा केली. नव्या सिस्टीममध्ये हजारो वस्तूंची माहिती घाईघाईने भरली गेली होती. इंच आणि सेंटिमीटरची गल्लत होती, कुठे लांबी-रुंदीची अदलाबदल होती. नंतरच्या वृत्तांतांनुसार गोदामं भरलेली आणि दुकानातली फडताळं रिकामी अशी स्थिती झाली. अपयशाचं हे एकमेव कारण नव्हतं. किमती आणि विस्ताराचा वेगही नडला. पण खोक्याचं माप चुकलं की गोदामातली जागा, ट्रकमधला माल आणि पुढची मागणी हे सगळे हिशेबच चुकतात, हे या प्रकरणातून लख्ख दिसतं.

आता तुझा प्रश्न. याद्या साफ होतील, आणि काही महिन्यांत पुन्हा घाण होतील, कारण नव्या नोंदी त्याच दारातून येत राहतात. तुला लक्ष घालायचं आहे ते त्या दारावर. नवा पुरवठादार कोण मागू शकतो, कोण भरतो, कोण मंजूर करतो? भरण्याआधी जुनी नोंद शोधणं सक्तीचं आहे का? बँक खात्याच्या रकान्याला तर विशेष जप. खातं बदलल्याचा ईमेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर खात्री करायची, ईमेलमधल्या नंबरवर कधीही नाही. आणि जी व्यक्ती हा बदल करते, तिच्या हातात पैसे सोडण्याचा अधिकार नको.

प्रत्येक रकान्याला एक मालक हवा, आणि तो आयटी विभागातला नसावा. पैसे किती दिवसांत द्यायचे हे खरेदी आणि अकाउंट्सने ठरवायचं, खोक्याचं वजन गोदामाने. सॉफ्टवेअर फक्त त्यांचा निर्णय पाळतं. या बैठकांत भांडणं होतील, ती होऊ दे. विक्रीवाले म्हणतील ग्राहक म्हणजे ऑर्डर देणारा, अकाउंट्स म्हणेल बिल भरणारा, डिस्पॅचला तो माल उतरवून घेणारा वाटेल. तिघंही बरोबर असतात. या एकाच ओळखीला जोडलेल्या वेगवेगळ्या भूमिका आहेत, आणि त्या तशाच वेगळ्या नोंदवाव्या लागतात. एकाला जिंकवून बाकीच्यांना गप्प केलंस, तर ते आपापल्या एक्सेल शीटमध्ये स्वतःचं मास्टर चालवू लागतील.

अनिवार्य रकाने वाढवण्याचा मोह आवर. माहिती हाताशी नसलेला माणूस टिंब टाकतो किंवा नऊ-नऊ-नऊ भरतो, आणि रिकाम्या जागेपेक्षा ते वाईट, कारण रिकामी जागा निदान दिसते. कोडमध्ये अर्थही कोंबू नकोस. पहिली दोन अक्षरं विभागाची, पुढची दोन प्रकाराची, अशी रचना आकर्षक दिसते. विभाग बदलला की तोच कोड खोटं बोलू लागतो.

दुबार नोंदी जोडताना घाई करू नकोस, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. नाव सारखं आणि पत्ता सारखा असूनही दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात, एकाच इमारतीतल्या दोन भावांच्या. जोडायची राहिलेली जोडी उद्याही जोडता येते. चुकून एक झालेली खाती सोडवताना मात्र जुना कुठला व्यवहार कुणाचा, हे शोधणं अतिशय जिकिरीचं होतं. म्हणून शंकास्पद जोड्या माणसाच्या नजरेखालून जाऊ देत, आणि जुना कोड पुसण्याऐवजी नव्या वापरासाठी बंद कर, म्हणजे इतिहास हाती राहील.

सुरुवात लहान ठेव. गेल्या वर्षभरात ज्यांना पैसे दिले तेवढेच पुरवठादार घे. एका कागदावर डावीकडे रकान्यांची नावं लिही आणि उजवीकडे त्या रकान्याला जबाबदार माणसाचं नाव. जिथे नाव सापडत नाही तिथे जागा कोरी सोड आणि तो कागद तसाच तुझ्या साहेबांपुढे ठेव. ते काय म्हणाले ते मला कळव. वस्तूंच्या मास्टरबद्दल पुढच्या पत्रात बोलू. तोवर कुणी कितीही मागे लागलं तरी साठ्याचं मूळ एकक बदलू नकोस. नग, किलो, खोकं, जे असेल ते राहू दे, कारण एकदा त्या वस्तूची आवक-जावक नोंदली गेली की ते बदलणं फार किचकट होऊन बसतं.

तुझा,
जुना सहकारी