अंटार्क्टिकातील बर्फावरच्या तळावर एचएफ (लघुलहरी) रेडिओसाठी सळई ठोकून अर्थिंग मिळते का?

नाही, अतिथंड बर्फ विजेचा जवळजवळ दुर्वाहकच असल्याने त्यात सळई कितीही खोल ठोकली तरी उपयोगाचे अर्थिंग मिळत नाही, म्हणून तेथे मुळात जमिनीवर अवलंबून नसलेला डायपोल अँटेना (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या दोन समान भुजा) वापरणे श्रेयस्कर असते. ५ मेगाहर्ट्झसाठी त्याच्या दोन्ही भुजा प्रत्येकी साधारण १४.३ मीटर घ्याव्यात. खांब उभारणे शक्य नसेल, तर खोल कोरड्या हिमावर तार सरळ अंथरली तरी काम भागते, मात्र हिमामुळे अनुनादाची वारंवारता (ज्यावर अँटेना सर्वांत चांगला चालतो ती) खाली सरकत असल्याने एसडब्ल्यूआर (अँटेना वारंवारतेशी किती जुळला आहे ते दाखवणारे माप) पाहत तार थोडी थोडी छाटावी लागते. उभा अँटेनाच हवा असेल, तर त्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तारा पसरून कृत्रिम भूतल करावे. खरा त्रास वाऱ्याने उडणाऱ्या कोरड्या हिमकणांचा: ते तारेवर स्थिर विद्युतभार साठवतात आणि रिसीव्हरचा पुढचा भाग जाळू शकतात, त्यामुळे भार निचरून जाण्यासाठी फीडरच्या (अँटेना व रेडिओ जोडणाऱ्या केबलच्या) दोन वाहकांमध्ये उच्च रोधक जोडावा व हिमवादळात, संपर्काची वेळ नसताना, ही केबल रेडिओपासून काढून ठेवावी. केबलचे आवरण साध्या पीव्हीसीचे नसावे, ते थंडीत वाकवताच तडकते. हे सारे हिमाच्छादित भागाला लागू आहे. किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यात धातूची पट्टी सोडता आली, तर उत्तम अर्थिंग मिळते.