गल्लीत कावीळ पसरली आहे, पण नळाचं पाणी स्वच्छ दिसतं. बायकोला सातवा महिना आहे. तिला धोका आहे का?

हो, आहे. आणि गल्लीत सगळ्यात जास्त तिलाच आहे.

एकाच वेळी चार-पाच धडधाकट मोठ्या माणसांचे डोळे पिवळे झाले असतील, तर पहिला संशय घाण पाण्यातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस ई या विषाणूचा. बाकीच्यांची ही कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या 20 ते 25 बायकांचा जीव जाऊ शकतो. हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असली तरी तिचा इथं उपयोग नाही.

विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला 2 ते 10 आठवडे लागतात. म्हणजे शेजाऱ्यांना बाधलेलं पाणी काही आठवड्यांपूर्वीचं असणार. आज ग्लासात काय दिसतं यावर जाऊ नका. 1955 साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नाल्याची घाण शिरली. क्लोरीन वाढवलं, टायफॉइड पसरला नाही, तरी सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली.

आपल्याकडे नागपुरात पेंच-कन्हान नद्यांचं पाणी शुद्ध होऊनच निघतं. घोळ होतो तो गल्लीत. नळ आला की लोक थेट लाइनला टुल्लू पंप लावतात. पंप ओढायला लागला की पाइपातला दाब पडतो, आणि जोड ढिला असेल तर शेजारच्या गडरलाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. तुमच्याकडे नळ आणि गडर एकाच खोदकामात असतील, तर आजच मनपाच्या झोन ऑफिसला कळवा आणि पाण्याची तपासणी मागा. शेजाऱ्यांना सोबत घेऊन जा, एकट्याचं कोणी मनावर घेत नाही.

घरात पाणी खळखळ उकळा, उकळी फुटल्यावरही निदान मिनिटभर राहू द्या. तुरटीनं गाळ बसतो, विषाणू मरत नाही. वहिनींना दात घासायला, काकडी-कोथिंबीर धुवायलाही हेच पाणी द्या. बाहेरचं गुपचुप (पाणीपुरी) सध्या बंद. उसाचा रसही बंद! कावीळ झाली की लोक मुद्दाम गाडीवरचा रस पितात, आणि त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते कोणी विचारत नाही.

मळमळ, जेवणावरची वासना जाणं, लघवी गडद पिवळी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या. लिव्हरच्या तपासणीसोबत पीटी-आयएनआर करायला सांगा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं. गुंगी आली, असंबद्ध बोलायला लागल्या, तर रात्र असली तरी थांबू नका. गळ्यातली माळ, डोळ्यात पाल्याचा रस, यात एक दिवसही घालवू नका. मनानं कुठली गोळीही देऊ नका.

बाळंतपणाला माहेरी पाठवणार असाल तर जरूर पाठवा, पण आपल्या गल्लीत कावीळ आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. इथून निघाल्यावरही 10 आठवडे त्यांच्या डोळ्यांवर आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावं लागेल.