दुसऱ्या टोकाचा माणूस

अनेक आशीर्वाद.

परवा तू उठून गेलीस तेव्हा मी फारसं बोललो नाही. तुला वाटलं असेल, काकांना पटलं. पटलेलं नाही. रात्रभर तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं: "पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत, पण संध्याकाळी आठवत नाही दिवसभर मी काय केलं." हे वाक्य मला ओळखीचं आहे. मी ते अकरा वर्षं मनातल्या मनात म्हटलं आणि कुणाजवळ बोललो नाही. तू चौदा महिन्यांत बोललीस, याचं कौतुक वाटलं. पण तू काढलेला तोडगा मला मान्य नाही. राजीनामा द्यायचा, सहा महिने घरी बसायचं आणि आपली आवड शोधायची! आवड म्हणजे काय हरवलेली किल्ली आहे, शोधली की सापडायला?

मी तुला एकच विचारलं होतं. तुझ्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? तू म्हणालीस, "क्लायंट." अगं, क्लायंट बिल भरतो. मी माणूस विचारत होतो.

तू सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर तपासतेस. तोच स्क्रीन, तीच बटणं, त्याच दीडशे चाचण्या. याला तू पाट्या टाकणं म्हणालीस. मग हे ऐक. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचाराच्या यंत्रानं अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भलतीच मोठी मात्रा दिली. त्यातले काही दगावले. एका रुग्णालयात यंत्र चालवणाऱ्या बाईंकडून एक अक्षर चुकीचं टाइप झालं. त्यांच्या लगेच लक्षात आलं, कर्सर वर नेऊन त्यांनी ते दुरुस्त केलं. हात सराईत, आठ सेकंदांच्या आत सगळं उरकलं. नेमका तो वेगच सॉफ्टवेअरला झेपत नव्हता. स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' एवढंच उमटलं. असले इशारे रोजच यायचे, म्हणून त्यांनी पुढे जायचं बटण दाबलं. नंतर कंपनीचे अभियंते येऊन गेले, त्यांना काही तो बिघाड पुन्हा घडवता येईना. तसाच दुसरा अपघात झाल्यावर तिथले भौतिकतज्ज्ञ आणि त्याच बाई यंत्रासमोर बसल्या आणि पुन्हा पुन्हा टाइप करून त्यांनी तो घडवून दाखवला. ज्यांनी टेबलावरचा माणूस पाहिला होता, त्यांनीच तो पकडला.

तुझ्या दीडशे चाचण्यांत 'नर्सनं घाईत आकडा बदलला तर' ही चाचणी आहे? रात्रपाळीची नर्स पंप कसा लावते, तू एकदा तरी पाहिलंस? नाही ना? मग हे काम निरर्थक आहे हे ठरवलंस कशावरून?

मी चिडतोय, कारण मी स्वतः पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याला एक जाड अहवाल तयार करायचा असायचा. आकडे जमवायचे, तक्ते काढायचे, शेवटी फाइलला दोरी बांधायची. चौथ्या वर्षी एका जुन्या कागदासाठी वरच्या मजल्यावरचं कपाट उघडावं लागलं. माझे सगळे अहवाल तिथं ओळीनं लावलेले होते. दोरीची गाठ मी डावखुरा असल्यामुळे उलटी बसते. एकेक फाइल उचलून पाहिली. प्रत्येकीवर माझीच गाठ. एकही कुणी सोडलेली नव्हती. मी कपाट लावून घेतलं, खाली आलो आणि त्या महिन्याचा अहवाल लिहायला बसलो. त्यानंतर सात वर्षं तिथंच काढली. पगारवाढ होत होती. ती सात वर्षं मला आजही सलतात.

२००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना पैसे देऊन खेळण्यातल्या आकृत्या जोडायला सांगितल्या. एका गटाच्या आकृत्या त्यांच्यासमोर मांडून ठेवल्या, दुसऱ्या गटाच्या त्यांच्या डोळ्यांदेखत सुट्या करून टाकल्या. मोबदला दोघांना सारखाच. पहिल्यांनी सरासरी १०.६ आकृत्या जोडल्या, दुसऱ्यांनी ७.२ वर हात टेकले. वाचलं तेव्हा मला ते कपाट आठवलं.

आता मी कृत्रिम पाय बनवतो, ते तुला माहीत आहे. आणि तुला वाटतं तसा मी दिवसभर भारावलेला नसतो. पायाच्या साच्यावर गुडघ्याच्या वाटीखाली, जिथं भार सोसतो, तिथलं प्लास्टर कानशीनं घासून काढायचं. नडगीच्या धारेवर, जिथं सोसत नाही, तिथं थोडं चढवायचं. तासन्‌तास तेच. खांदे भरून येतात, कंटाळाही येतो. पण एखाद-दोन मिलिमीटर चुकलं तर कुणाची कातडी सोलवटणार आहे, हे मला नावानिशी ठाऊक असतं. कंटाळा आणि निरर्थकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्यांची गल्लत करतेस.

पगाराला नावं ठेवू नकोस. मी नोकरी सोडली तेव्हा मिळकत निम्म्यावर आली आणि चार वर्षं घर तुझ्या काकूच्या पगारावर चाललं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मोठी बहीण मात्र अजून म्हणते, तू आपल्या समाधानासाठी दुसऱ्याला राबवलंस. तिचं अगदीच खोटं नाही. तरीही मी चुकलो असं मला वाटत नाही. शेवटच्या वर्षांत मी घरी ज्या चेहऱ्यानं यायचो तो काकूनं पाहिला होता, बहिणीनं नाही. चूक झाली ती उशीर करण्यात. कपाट उघडलं त्याच दिवशी निघायला हवं होतं.

म्हणून नोकरीला चिकटून राहा, असं मी म्हणतच नाही. दुसऱ्या टोकापर्यंत जा. तिथं कुणीच नसेल, किंवा जो आहे त्याचं तुझ्या कामानं नुकसान होत असेल, तर एक दिवसही थांबू नकोस. मग घरखर्चाचं काय करायचं ते आपण दोघं बसून पाहू. पण न पाहता सोडलंस तर नव्या जागीही चौदा महिन्यांनी हेच वाक्य घेऊन माझ्याकडे येशील.

अतिदक्षता विभागातल्या एक सिस्टर माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याशी बोललोय, वरिष्ठांची परवानगीही त्यांनी काढून ठेवली आहे. शनिवारी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी त्या तुला पंपाजवळ उभं करून सगळं दाखवतील. वही घेऊन जा, मध्ये बोलू नकोस, त्यांची बोटं बघ. राजीनामा लिहायचाच असेल तर रविवारी लिही.

तुझा
काका