ब्रिटनमध्ये नाताळात होणारं पँटोमाइम म्हणजे नेमकं काय? प्रेक्षक मध्येच एवढे ओरडतात का?

पँटो म्हणजे गाणी, नाच, विनोद आणि सिंड्रेला, अलादीन, डिक व्हिटिंग्टन अशी सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. ओरडणं ही तर प्रेक्षकांची भूमिकाच! खलनायक आला की हुर्यो उडवायची, तो कुणाच्या पाठीमागे लपला की "तुझ्या मागे बघ!" म्हणून छत डोक्यावर घ्यायचं. नट "नाही, नाही!" म्हणाला की सगळं थिएटर "आहे, आहे!" म्हणतं. 'डेम' ही वयस्क बाई पुरुष रंगवतो, तर तरुण नायक परंपरेने मुलगी. दुष्ट पात्र नटांच्या डाव्या बाजूने येतं, चांगली परी उजव्या.

याचं मूळ इटलीच्या कोमेदिया देल्लार्ते या मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या विनोदी नाट्यप्रकारात. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन रिच या नटाने त्यातल्या हार्लेक्विन या खोडकर नोकराची मूक भूमिका गाजवली. संवादी नाटकाचा परवाना तेव्हा मोजक्याच थिएटरांकडे होता. बाकीच्यांना हावभाव आणि संगीतावर भागवावं लागे. १८४३च्या कायद्याने ते बंधन सुटलं आणि शाब्दिक कोट्यांना ऊत आला.

माझ्या मते या परंपरेतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे विदूषक रंगवणारा नट जोसेफ ग्रिमाल्डी. १८०६च्या 'मदर गूस' या पँटोने तो घराघरांत पोचला आणि हार्लेक्विनला मागे सारून विदूषकच मुख्य पात्र झाला. त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये दर फेब्रुवारीत चर्चमध्ये प्रार्थना होते. विदूषक पूर्ण रंगभूषेत येतात!

तिकडे असाल तर छोट्या गावातला पँटो जरूर बघा. अशा कित्येक थिएटरांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग याच काही आठवड्यांत येतो.