सपाट लॉन आणि उतार, दोन्हीकडे चालेल असा बसून चालवायचा लॉन मोवर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ दीड एकर जागा आहे. बंगल्यासमोर सपाट लॉन, त्याखाली हापूसच्या कलमांचा उतार थेट गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत), आणि दोन्हीसाठी एकच मशीन हवं. माझी बाग गुहागरकडे, अशाच उतारावर आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: एकाच मशीनचा नाद सोडा.

आधी उतार मोजा. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणा. आडव्या 10 फुटांत जमीन साधारण 2 फूट 8 इंच खाली गेली, की तो 15 अंशांचा उतार. बसून चालवायच्या बहुतेक मोवरच्या पुस्तिकेत एवढीच हद्द दिलेली असते, काहींत त्याहून कमी. तीही कोरड्या गवतावर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गवत कोरडं सापडायचं कधी?

दुकानदार बहुधा झिरो टर्न दाखवेल. जागच्या जागी वळतो, झाडांच्या आळ्यांभोवती सुरेख फिरतो, सपाटीवर त्याला तोड नाही. पण त्याचं वळणं आणि थांबणं सगळं मागच्या दोन चाकांवर. पुढची चाकं सुपरमार्केटातल्या ट्रॉलीसारखी नुसती फिरती. उतारावर मागची चाकं घसरली की गाडी तुमच्या हातात राहत नाही, आणि खाली तुमचा गडगा आहे.

थोडाफार चढ-उतार असेल तर लॉन ट्रॅक्टर बरा, त्यातही हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता वेग कमी-जास्त होणारा), म्हणजे ऐन चढावर क्लच-गिअरशी झटापट नको. तो उभा चालवायचा, वर-खाली. आडवा घातलात तर कलंडतो. हाताने ढकलायच्या मोवरचं बरोब्बर उलटं: तो आडवाच, नाहीतर पाय घसरून पात्याखाली जायची भीती. गडग्याच्या कडेचा पट्टा कुठल्याही परिस्थितीत सोडून द्यायचा.

लॉन 10-12 गुंठ्यांच्या आत असेल तर मी बसायचा मोवर घेणारच नाही. चांगला सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे चाकं इंजिनावर फिरणारा आणि आपण मागून धरून चालायचा, तो पुरतो. लॉन गुळगुळीत दिसायला मशीन मोठं लागत नाही, पातं धारदार लागतं. बोथट पातं गवत फाडतं आणि दोन दिवसांत शेंडे पिवळे पडतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका.

कलमांखालच्या उताराला ग्रासकटरच, म्हणजे खांद्यावरचा ब्रश कटर. चालवणारा गडी रोजावर मिळतो. जाड गवताला पातं, बुंध्याजवळ मात्र पातंही नको आणि नायलॉनची दोरीही नको, साल सोलली जाते. तेवढं विळ्याने काढायचं. जांभ्याचे खडे गोळीसारखे उडतात, तेव्हा गॉगल आणि गमबूट सक्तीचे. भर पावसात उतार बोडका करू नका, माती वाहून जाईल. पाऊस सरला की मात्र लगेच सफाई, नाहीतर वाळलेलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण.

आणि खारा वारा. डेकचा, म्हणजे पात्यावरच्या झाकणाचा, पत्रा खालून गंजतो, कारण ओलं गवत तिथेच चिकटून बसतं. दर वेळी आधी स्पार्क प्लगची वायर काढा, मग डेक खालून खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. मशीन महिनोन् महिने उभं राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं आणि कार्बुरेटर चोंदतो. पैसे देण्याआधी बेल्ट आणि पाती रत्नागिरी-चिपळूणला मिळतात का, तेही विचारून घ्या.