साईटवरची पाच वर्षं बायोडाटात दिसत का नाहीत?

प्रश्न: मी घाटंजी तालुक्यातला शेतकरी आहे. मुलानं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टरकडे साईट सुपरवायझर आहे. आधी दोन वर्षं रस्त्याच्या कामावर, नंतर तीन वर्षं नळयोजनेच्या. आता मोठ्या कंपनीत सुपरवायझर किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटची नोकरी मिळावी अशी त्याची इच्छा आहे. वर्षभरापासून बायोडाटा पाठवतो, पण कुठूनच फोन येत नाही. आमचा वशिला नाही म्हणून असं होतं का? त्याचा बायोडाटा सोबत पाठवला आहे.

नमस्कार भाऊ,

खाजगी कंपन्यांत ओळखीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही पाठवलेला बायोडाटा मी दोनदा वाचला आणि तुमचा मुलगा पाच वर्षं नेमकं काय करत होता हे मला त्यातून कळलं नाही. उद्या एखादा ओळखीचा माणूस हा कागद घेऊन कंपनीत गेला, तरी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही राहणार नाही. मुलानं काम भरपूर केलं आहे, ते कागदावर उतरायचं राहिलं आहे. आणि हे घरबसल्या दुरुस्त होण्यासारखं आहे.

त्या कागदावर आधी वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि छंद आहेत. मग ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीत योगदान देणे’ हे उद्दिष्ट. हे वाक्य तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर टाइप होणाऱ्या जवळपास प्रत्येक बायोडाटात असतं. त्याखाली दहावीपासूनच्या मार्कांचा तक्ता. अनुभव सगळ्यात शेवटी, तोही एका ओळीत: ‘साईट सुपरवायझर, ५ वर्षे. मजुरांवर देखरेख व साईटची सर्व कामे पाहणे.’

भाऊ, तुम्हाला कोणी शेतीचं विचारलं तर ‘शेतीची सर्व कामे पाहतो’ असं तुम्ही सांगाल का? किती एकर, त्यात कापूस किती, तूर किती, ओलित आहे की कोरडवाहू, वेचणीला किती बाया लागल्या, किती क्विंटल झाला, हे सांगाल. ऐकणाऱ्याला तेवढ्यात तुमच्या शेताचा अंदाज येतो. सुपरवायझर नेमणाऱ्यालाही तसाच अंदाज हवा असतो. या माणसाच्या हाताखाली किती जण होते, काम किती किमतीचं होतं, किती मुदतीत झालं, आणि अडचण आली तेव्हा यानं काय केलं? या चार प्रश्नांची उत्तरं ज्या बायोडाटात सापडतात, तोच बाजूला काढून ठेवला जातो.

म्हणून एक काम तुमच्यावर सोपवतो. रात्री जेवणं झाली की वही घेऊन त्याच्याजवळ बसा. तुम्ही विचारा आणि त्यानं सांगावं. तो म्हणेल, ‘त्यात काय सांगायचं, सगळेच करतात.’ आपल्या घरांत स्वतःच्या कामाचं बोलणं म्हणजे बढाई, असंच शिकवलं जातं, त्यामुळे गावाकडची हुशार पोरं इथंच मागं पडतात. तुम्ही विचारत राहा. रस्त्याचं काम किती किलोमीटर होतं? रोज किती मजूर, किती जेसीबी आणि टिप्पर? पाण्याची टाकी किती लिटरची, पाइपलाइन किती लांब? मजूर पोळ्याला किंवा दिवाळीला गावी गेले तेव्हा काम कसं चालू ठेवलं? मेळघाटातली कोरकू माणसं होळीला घरी जातातच, मग त्या आठवड्याचं नियोजन कोणी केलं? काळ्या मातीत चर खणताना पाऊस आला आणि कडा ढासळायला लागल्या तेव्हा काय केलं? शेतातून पाइप न्यायला एखादा शेतकरी तयार नव्हता, त्याची समजूत कोणी काढली?

आकडे आठवत नसतील तर हजेरीपट, साईटची डायरी आणि वर्क ऑर्डरची प्रत काढा. त्यानं कॉन्ट्रॅक्टरला रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कामाचा रिपोर्ट पाठवला असेल, तर तेच जुने मेसेज वर सरकवत वाचा. आज किती मीटर पाइप टाकला, किती सिमेंट लागलं, किती माणसं आली, सगळं त्यात मिळतं.

मग अनुभवाची ओळ कशी होईल ते दाखवतो. यातले आकडे नमुन्याचे आहेत, त्यानं आपले टाकावेत.

‘ग्रामीण पाणीपुरवठा योजना (जलजीवन मिशन), यवतमाळ जिल्हा. उंच जलकुंभ आणि ९ किलोमीटर वितरण वाहिनी. रोज सरासरी ३० मजूर आणि २ यंत्रांच्या कामाची आखणी व देखरेख. खोदाई, पाइपजोडणी आणि दाबचाचणी करून घेतली. कनिष्ठ अभियंत्याबरोबर मोजमापं घेऊन बिलाचे कागद तयार केले. शेतातला ४ किलोमीटरचा भाग पेरणीआधी पूर्ण केला.’

बायोडाटा इंग्रजीत द्यावा लागेल, पण इंग्रजी अवघड असायची गरज नाही. प्रत्येक ओळ क्रियापदानं सुरू व्हावी: आखलं, करून घेतलं, तपासलं, वाचवलं. ‘जबाबदार होतो’ असं लिहिलं की जबाबदारी पार पडली की नाही ते कळत नाही.

आता सुपरवायझर आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट यांतला फरक. दोन्हींना एकच बायोडाटा पाठवू नये. सुपरवायझरच्या जागेसाठी माणसं, रोजचं काम, दर्जा आणि सुरक्षितता वर यावी. काँक्रीटचे क्यूब (मजबुती तपासायचे नमुन्याचे ठोकळे) ७ आणि २८ दिवसांनी तपासून घेतले, दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार दिला, हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय कुणाला कामावर येऊ दिलं नाही, हे खरं असेल तर ते पहिल्या काही ओळींत आलं पाहिजे. कंपनीला अपघात आणि तोडून पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाची धास्ती असते. प्रोजेक्टकडच्या जागेसाठी मात्र वेळापत्रक, खर्च, सामान वेळेवर मागवणं, बिलं, आणि जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, पुरवठादार या सगळ्यांशी ठेवलेला समन्वय वर आणायचा. अनुभव तोच आहे, वर काय ठेवायचं आणि खाली काय, तेवढंच बदलतं.

आणखी एक. पाच वर्षांच्या अनुभवावर थेट ‘प्रोजेक्ट मॅनेजर’च्या जाहिरातींना अर्ज करण्यात त्याचं वर्ष गेलं असावं, असं मला वाटतं. त्यानं सीनियर साईट सुपरवायझर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर किंवा प्लॅनिंगमधला सहायक अशा जागा बघाव्या. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राबद्दल कुणी सांगितलं असेल, तर त्यासाठी डिप्लोमाधारकाला प्रोजेक्ट चालवण्याचा ६० महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. मजुरांवर लक्ष ठेवण्याचे सगळेच महिने त्यात धरले जात नाहीत. त्यावर आत्ता पैसा खर्च करू नका. त्याऐवजी त्यानं एक्सेल नीट शिकावं आणि एमएस प्रोजेक्ट या वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याच एका जुन्या कामाचं वेळापत्रक बसवून पाहावं. मुलाखतीत कोणी लॅपटॉप पुढे केला तर उघडून दाखवता येईल, एवढंच सॉफ्टवेअर बायोडाटात लिहावं.

खोटं एकही अक्षर नको. त्याचा मालक उपकंत्राटदार असेल तर तसंच लिहा. साईटवर दोन सुपरवायझर होते तर दोघांपैकी एक म्हणून लिहा. एका दिवशी ८० मजूर आले असतील, पण एरवी ३० असतील, तर ३० लिहा. मुलाखत घेणारा स्वतः साईटवरून वर आलेला असतो. फुगवलेला आकडा त्याला दुसऱ्याच प्रश्नाला कळतो.

अनुभवाचं पत्र कॉन्ट्रॅक्टर देत नाही, ही तक्रार मला यवतमाळ, वाशिम, गडचिरोली, सगळीकडून येते. मुलानं आधी आपला पीएफ कापला जात होता का ते बघावं. कापला जात असेल तर यूएएन नंबरवरून (पीएफ सदस्याचा कायमचा नंबर) पासबुक निघतं आणि त्यात कोणत्या महिन्यांत कोणत्या मालकानं पैसे भरले ते दिसतं. नसेल, तर पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवावं. ज्या कनिष्ठ अभियंत्यानं त्याचं काम तपासलं त्याला किंवा ज्या गावाची योजना पूर्ण झाली तिथल्या सरपंचांना विचारून संदर्भ म्हणून त्यांचं नाव आणि नंबर द्यावा. न विचारता देऊ नये.

कागदाच्या बाहेरच्या रूपाचं थोडक्यात सांगतो. एक पान, फार तर दीड. वर नाव, मोबाइल, साधा ईमेल, तालुका-जिल्हा आणि ‘बाहेरगावी राहून काम करण्याची तयारी आहे’ ही ओळ. धर्म, जात, वडिलांचं नाव, छंद आणि प्रतिज्ञा काढून टाका. उद्दिष्टाच्या जागी तीन ओळींत ओळख: डिप्लोमा, किती वर्षं, कोणती कामं, काय चांगलं जमतं. अनुभव त्याच्या लगेच खाली, ताजं काम आधी. शिक्षण दोन ओळींत. रंग, चौकटी, दोन रकाने नकोत. मोठ्या कंपन्यांत अर्ज अनेकदा आधी संगणकच चाळतो आणि अशा सजावटीत त्याला मजकूर नीट वाचता येत नाही. जाहिरातीतले शब्द आपल्या कामाला लागू पडत असतील तर तेच वापरावे. फाईल पीडीएफ असावी, कागदाचा मोबाइलनं काढलेला फोटो नको.

भाषांची ओळ मात्र त्यानं मुळीच गाळू नये. मराठी-हिंदीबरोबर त्याला गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलता येत असेल तर तसं लिहावं. विदर्भातल्या साईटवर मजुराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा सुपरवायझर कंपनीच्या फार उपयोगाचा असतो.

वशिल्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून हेही लिहितो. तुमच्या मुलाच्या ओळखी आहेत. पाइपचा पुरवठादार, जेसीबीचा मालक, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवरचा माणूस, जुन्या साईटवरचे मुकादम, यांना गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांपासून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत कुठं नवं काम निघालं ते जाहिरातीच्या आधी कळतं. नवा बायोडाटा तयार झाला की त्यानं यांच्यातल्या प्रत्येकाला फोन करावा आणि कुणाकडे पाठवू ते विचारावं. रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथं अर्ज करू नये.

वहीतले आकडे जमले की कच्चा बायोडाटा मला पाठवा, इंग्रजी मी तपासून देईन. त्यानं मराठीतच लिहून पाठवला तरी चालेल.